तळातून थेट विजेतेपद: बोस्टन रेड सॉक्सचा २०१३ चा हंगाम कशामुळे घडला?

उत्तरायण (मूळ प्रश्न):

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलच्या जुन्या हंगामांविषयी वाचताना बोस्टन रेड सॉक्सच्या २०१२ आणि २०१३ या दोन वर्षांपाशी मी अडलो आहे. जाणकारांनी थोडा प्रकाश टाकावा, ही विनंती.

२०१२ मध्ये या संघाने १६२ पैकी ६९ सामने जिंकले, ९३ गमावले आणि अमेरिकन लीगच्या पूर्व विभागात तो शेवटच्या स्थानावर राहिला. १९६५ नंतर बोस्टनवर इतकी वाईट वेळ आली नव्हती, आणि ती आली तीही फेनवे पार्क या त्यांच्या मैदानाच्या शताब्दी वर्षात. शेवटचे सलग आठ सामने हरून हंगाम संपला आणि मॅनेजर (मैदानावर संघ चालवणारे मुख्य प्रशिक्षक) बॉबी व्हॅलेंटाइन यांना एकाच वर्षात पद सोडावे लागले. पुढच्याच वर्षी याच संघाने ९७ सामने जिंकून विभागात पहिले स्थान मिळवले आणि ३० ऑक्टोबर २०१३ रोजी सेंट लुईस कार्डिनल्सला सहाव्या सामन्यात हरवून वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, जिंकली. आदल्या वर्षी विभागात तळाला असलेल्या संघाने विजेतेपद मिळवावे, हे त्यापूर्वी एकदाच, १९९१ मध्ये मिनेसोटा ट्विन्सच्या बाबतीत घडले होते.

माझ्या वाचनात तीन कारणे वारंवार येतात: जॉन फॅरेल हे नवे मॅनेजर, एप्रिलमध्ये बोस्टन मॅरेथॉनच्या वेळी झालेल्या बॉम्बस्फोटानंतर शहराने आणि संघाने एकमेकांना दिलेला आधार, आणि दाढ्या वाढवून वावरणाऱ्या खेळाडूंमधला बंधुभाव. ही कारणे खोटी आहेत असे मला म्हणायचे नाही, परंतु एवढ्याने २८ विजय वाढतात हे मनाला पटत नाही. त्या हिवाळ्यात घेतलेल्या नव्या खेळाडूंमध्ये पहिल्या फळीतला एकही नव्हता, हे लक्षात घेतले तर कोडे आणखी अवघड होते. संघ खरोखर इतका बदलला होता, की २०१२ चा निकालच फसवा होता?


रेवा:

आपल्या प्रश्नाच्या शेवटच्या वाक्यात उत्तराचा निम्मा भाग आलेला आहे. २०१२ चा संघ ६९ विजयांच्या लायकीचा नव्हता, त्याहून बराच चांगला होता. मात्र तो कागदावर होता तसा मैदानात फारसा उतरलाच नाही. जकोबी एल्सबरी खांद्याच्या दुखापतीमुळे ७४ सामनेच खेळला. डेव्हिड ऑर्टिझची टाच दुखावली आणि त्याचा हंगाम ९० सामन्यांवर आटोपला. जॉन लॅकी कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे वर्षभर बाहेर होता. जॉन लेस्टर आणि क्ले बकहोल्झ हे दोन प्रमुख पिचर (फलंदाजाला चेंडू टाकणारे) धडधाकट असूनही हरवल्यासारखे खेळले. ही सगळी माणसे २०१३ मध्येही संघातच होती. विजेत्या संघाचा कणा बाहेरून आणावा लागलाच नाही.

तरीही नुसत्या दुखापती बऱ्या झाल्या म्हणून हे घडले, असे मी म्हणणार नाही. या गोष्टीची सुरुवात २०१२ च्याही आधी, सप्टेंबर २०११ मध्ये होते. त्या महिन्याच्या सुरुवातीला प्लेऑफमधील (हंगामानंतरच्या बाद फेरीतील) जागेसाठी बोस्टनकडे टँपा बे रेजवर नऊ सामन्यांची आघाडी होती. त्या महिन्यात त्यांनी २७ पैकी २० सामने गमावले आणि अखेरच्या रात्री बाल्टिमोरमध्ये शेवटच्या, म्हणजे नवव्या, डावात हातची जागा घालवली. त्यानंतर दोन वर्ल्ड सिरीज जिंकून देणारे मॅनेजर टेरी फ्रँकोना गेले, जनरल मॅनेजर (खेळाडूंची निवड आणि करार पाहणारे) थिओ एपस्टीन शिकागो कब्जकडे गेले, आणि संघात कोणाचा कोणावर विश्वास उरला नाही. व्हॅलेंटाइन यांना शिस्त आणण्यासाठी नेमले होते. त्यांनी एप्रिलमध्येच केव्हिन युकिलिसच्या खेळातील आस्थेविषयी जाहीरपणे शंका घेतली आणि डस्टिन पेड्रोयाने त्याला तितक्याच जाहीरपणे हरकत घेतली. तेथून पुढे हंगाम सावरला नाही.

माझ्या मते २०१३ चे विजेतेपद ज्या दिवशी शक्य झाले, तो दिवस २५ ऑगस्ट २०१२ हा आहे. त्या दिवशी एड्रियन गोन्झालेस, कार्ल क्रॉफर्ड, जॉश बेकेट आणि निक पुंटो हे चौघे लॉस एंजेलिस डॉजर्सकडे गेले आणि त्यांच्याबरोबर पुढील अनेक वर्षांच्या करारांचे २५ कोटी डॉलरहून अधिक ओझेही गेले. गोन्झालेस त्या वेळीही उत्तम फलंदाज होता, त्यामुळे त्याला सोडणे सोपे नव्हते. परंतु बाकीच्यांचे करार गळ्यातून काढण्यासाठी त्याला देणे भाग होते. नवे जनरल मॅनेजर बेन चेरिंग्टन यांनी हे धाडस केले, याचे श्रेय त्यांना अजूनही पुरेसे मिळत नाही, असे मला मनापासून वाटते.

मोकळा झालेला पैसा पुन्हा एखाद्या मोठ्या नावावर ओतण्याचा मोह त्यांनी टाळला. शेन व्हिक्टोरिनोला तीन वर्षांसाठी ३.९ कोटी डॉलर दिले, तेव्हा ते जास्त आहेत अशीच टीका झाली. माइक नॅपोलीशी तेवढ्याच रकमेचा, तेवढ्याच वर्षांचा करार ठरला होता. वैद्यकीय तपासणीत त्याच्या खुब्याच्या हाडांचा आजार आढळला आणि करार एका वर्षावर व ५० लाख डॉलरच्या हमीवर आला, बाकीची रक्कम तो किती खेळतो यावर ठेवली. जॉनी गोम्स, स्टीव्हन ड्रू, कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारा) डेव्हिड रॉस, पिचर रायन डेम्पस्टर आणि कोजी उएहारा यांचेही करार एक किंवा दोन वर्षांचेच होते. प्रत्येक जागी साधारणाहून थोडा सरस खेळाडू, आणि तो जायबंदी झाला तर मागे दुसरा तयार, असे हे गणित होते. लेफ्ट फील्डमध्ये (डावीकडच्या बाह्य मैदानात) डावखुऱ्या पिचरसमोर गोम्स आणि उजव्या हाताच्या पिचरसमोर डॅनियल नावा यांना आलटून पालटून खेळवले गेले. हा नावा काही वर्षांपूर्वी एका स्वतंत्र लीगमधून अक्षरशः १ डॉलर मोजून घेतलेला खेळाडू होता, आणि २०१३ मध्ये त्याची फलंदाजीची सरासरी .३०३ होती, म्हणजे दर दहा प्रयत्नांत सुमारे तीन यशस्वी फटके.

परिणाम धावांच्या हिशेबात दिसतो. २०१२ मध्ये बोस्टनने ७३४ धावा केल्या आणि ८०६ दिल्या. २०१३ मध्ये ८५३ केल्या, म्हणजे दोन्ही लीगमध्ये सर्वाधिक, आणि ६५६ दिल्या. एवढी तफावत केवळ नशिबाने पडत नाही. संपूर्ण हंगामात हा संघ सलग तीनपेक्षा जास्त सामने कधीही हरला नाही, आणि फळी खोलवर भरलेली असण्याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

त्याच हिवाळ्यात टोरोंटो ब्लू जेजने होसे रेयेस, मार्क बर्ली, जॉश जॉन्सन आणि आर. ए. डिकी अशी मोठी नावे एकदम गोळा केली होती आणि विभाग तेच जिंकणार, असा अनेकांचा होरा होता. ते ७४ विजयांसह शेवटचे आले.


डावखुरा:

रेवा यांनी करारांचा भाग इतका नीट मांडला आहे की त्यात भर घालण्याजोगे माझ्याकडे काही नाही, परंतु कमी दिलेल्या १५० धावांविषयी बोलले पाहिजे, कारण त्याचा संबंध थेट फॅरेल यांच्याशी पोहोचतो. उत्तरायण, आपण नव्या मॅनेजरचे कारण थोडे लवकर बाजूला सारत आहात.

फॅरेल २००७ ते २०१० या काळात बोस्टनचेच पिचिंग कोच होते. लेस्टर आणि बकहोल्झ त्यांच्या हाताखाली घडले होते. टोरोंटोशी त्यांचा करार चालू होता, म्हणून त्यांना आणण्यासाठी माइक अविलेस हा खेळाडू बदल्यात द्यावा लागला, आणि मॅनेजरसाठी खेळाडू देणे ही या खेळात दुर्मीळ गोष्ट आहे. लेस्टरची नऊ डावांमागे दिलेल्या धावांची सरासरी २०१२ मध्ये ४.८२ होती, ती ३.७५ वर आली. बकहोल्झ दुखापतीमुळे जवळपास तीन महिने बाहेर होता, पण जेवढे खेळला त्यात त्याने १२ सामने जिंकले, एक हरला आणि सरासरी १.७४ ठेवली. लॅकीचे उदाहरण मला सर्वांत मोलाचे वाटते. २०११ मध्ये त्याची सरासरी ६.४१ होती आणि बोस्टनच्या प्रेक्षकांच्या रोषाचा तो धनी झाला होता. शस्त्रक्रियेनंतर वजन उतरवून तो परतला, त्याची सरासरी ३.५२ झाली, आणि ऑक्टोबरमध्ये त्याने डेव्हिड प्राइस, जस्टिन व्हरलँडर आणि मायकेल वाका या तिघांविरुद्धचे सामने जिंकले. त्यातला डेट्रॉइटमधील सामना तर १-० असा, नॅपोलीच्या एकमेव होमरनवर (मैदानाबाहेर गेलेल्या फटक्यावर) जिंकलेला होता.

आता उएहाराविषयी. आघाडी राखण्यासाठी शेवटच्या डावात येणारा पिचर, म्हणजे क्लोजर, म्हणून बोस्टनने पिट्सबर्गकडून जोएल हॅनरहनला घेतले होते. मे महिन्यात त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया करावी लागली. मग अँड्र्यू बेली आला. त्याचा खांदा गेला. तिसरा पर्याय म्हणून ३८ वर्षांच्या उएहाराकडे काम आले, आणि मी पाहिलेल्या क्लोजरच्या हंगामांपैकी सर्वांत निर्दोष हंगाम त्याने करून दाखवला. त्याचा वेगवान चेंडू ताशी ९० मैलांच्याही खालीच राही. या कामातले इतर पिचर त्यापेक्षा सहज पाच-सात मैल जास्त वेगाने टाकत. परंतु त्याचा स्प्लिटर नावाचा चेंडू हुबेहूब त्याच हालचालीतून निघे आणि फलंदाजापुढच्या प्लेटच्या अगदी तोंडाशी येऊन खाली बुडे. फलंदाजाची बॅट निघून गेलेली असे आणि चेंडू गुडघ्याच्या खाली कॅचरच्या ग्लोव्हमध्ये असे. ७४ डावांच्या आसपास पिचिंग करताना त्याने १०१ फलंदाज स्ट्राइकआऊट (तीन स्ट्राइकवर बाद) केले आणि फक्त ९ जणांना वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे मोफत पहिला बेस) दिला, सरासरी १.०९. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये एका टप्प्यात त्याने सलग ३७ फलंदाज बाद केले, म्हणजे एका अख्ख्या सामन्याइतके २७ आणि त्यावर आणखी १० जण, मध्ये एकालाही बेसवर पोहोचू न देता.

उएहाराला घेताना तो क्लोजर होईल असे कोणाच्याही मनात नव्हते. एका वर्षासाठी सव्वाचार दशलक्ष डॉलर देऊन घेतलेला तो एक अनुभवी मदतनीस होता. नियोजनामुळे तो संघात होता, आणि दोघांच्या दुखापतींमुळे तो त्या जागी आला. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.


संधिकाल:

बॉम्बस्फोटाचा उल्लेख आला आहे, म्हणून त्याविषयी जपून लिहितो.

१५ एप्रिल २०१३ हा मॅसॅच्युसेट्समधील पेट्रियट्स डे होता. त्या दिवशी बोस्टन मॅरेथॉन असते आणि रेड सॉक्सचा सामना परंपरेने सकाळी अकराच्या सुमारास सुरू होतो. नॅपोलीच्या शेवटच्या फटक्यावर टँपा बेला ३-२ असे हरवून प्रेक्षक फेनवेमधून बाहेर पडत होते, आणि त्यानंतर थोड्याच वेळात बॉइलस्टन स्ट्रीटवर शर्यतीच्या अंतिम रेषेजवळ दोन स्फोट झाले. तीन जणांचा मृत्यू झाला आणि शेकडो जखमी झाले. त्यांतल्या अनेकांनी पाय गमावले. दुसऱ्या दिवशी क्लीव्हलंडमधील सामन्यात संघाच्या डगआऊटमध्ये (खेळाडूंच्या बसण्याच्या जागेत) ‘बोस्टन स्ट्राँग’ असे लिहिलेली, शहराचा टेलिफोन कोड असलेल्या ६१७ क्रमांकाची जर्सी टांगली गेली. १९ तारखेचा घरचा सामना हल्लेखोराच्या शोधामुळे पुढे ढकलावा लागला. २० एप्रिलला फेनवेमध्ये ऑर्टिझ टाचेच्या दुखण्यातून सावरून त्या वर्षी पहिल्यांदाच खेळायला उतरला, सामन्यापूर्वी माइक हातात घेऊन शहराच्या वतीने बोलला, आणि आठव्या डावात नावाच्या तीन धावांच्या होमरनने कॅन्सस सिटीविरुद्धचा तो सामना बोस्टनने ४-३ असा जिंकला.

यामुळे संघ विजेता झाला, असे म्हणणे मला पटत नाही, आणि मरण पावलेल्यांच्या संदर्भात ते बोलणे मला उचितही वाटत नाही. संघाची सुरुवात स्फोटाआधीच चांगली झाली होती. दुःख झालेल्या शहरांचे संघ अनेकदा हरतातही. २००१ मध्ये न्यूयॉर्क यांकीज वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना शेवटच्या डावात हरले, म्हणून न्यूयॉर्कचे दुःख कमी होते असे कोणी म्हणणार नाही.

तरीही उलट दिशेचा परिणाम मी नाकारत नाही. २०११ आणि २०१२ नंतर शहराचे या संघाशी बिनसलेले होते. मे २००३ पासून फेनवेमधील प्रत्येक सामन्याची सर्व तिकिटे विकली जाण्याची चालत आलेली मालिका १० एप्रिल २०१३ रोजी, म्हणजे स्फोटाच्या पाचच दिवस आधी, खंडित झाली होती. जे नाते पुन्हा जुळायला एरवी दोन-तीन वर्षे लागली असती, ते त्या वसंत ऋतूत जुळले. खेळाडू रुग्णालयांमध्ये जखमींना भेटायला गेले. जखमी माणसे, त्यांच्यावर उपचार करणारे आणि पोलीस मैदानावर पहिला चेंडू टाकायला आले. २ नोव्हेंबरच्या विजयी मिरवणुकीत गाड्या बॉइलस्टन स्ट्रीटवर थांबल्या आणि गोम्सने वर्ल्ड सिरीजचा करंडक अंतिम रेषेवर ठेवून त्याला ती ६१७ ची जर्सी चढवली. संघाने शहरासाठी काय केले, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचे उत्तर विजयांच्या संख्येत शोधू नये.


उत्तरायण:

तिघांचेही मनापासून आभार. संधिकाल यांनी केलेला भेद मला पूर्णपणे मान्य आहे, आणि मूळ प्रश्नात मी त्या कारणाचा उल्लेख दाढ्यांच्या ओळीत केला, तो तेथे नको होता.

एक पुढचा प्रश्न विचारतो. १६२ सामन्यांत चांगला संघ वर येतो, हे समजले. परंतु ऑक्टोबरमधील मालिका तर पाच किंवा सात सामन्यांच्या असतात. तेथेही बोस्टन इतरांपेक्षा सरस होते, की तेथे दैवाने हात दिला?


तिसरा बेस:

डेट्रॉइट टायगर्सविरुद्धची, वर्ल्ड सिरीजच्या आधीची मालिका पाहिली तर बोस्टन तेथे हरण्याच्या अगदी काठावर उभे होते, असेच म्हणावे लागेल. पहिल्या सामन्यात त्यांना नऊ डावांत एकच हिट (बेसवर पोहोचवणारा फटका) मिळाली, १७ जण स्ट्राइकआऊट झाले आणि सामना १-० असा गेला. दुसऱ्या सामन्यात मॅक्स शर्झरने सात डावांत १३ जणांना स्ट्राइकआऊट केले आणि आठव्या डावात डेट्रॉइट ५-१ असे पुढे होते. दोन फलंदाज बाद, तिन्ही बेसवर रनर, आणि समोर ऑर्टिझ. वाकीन बेनवाच्या पहिल्याच चेंडूवर त्याने राइट फील्डच्या दिशेने फटका मारला. टॉरी हंटरने धावत जाऊन बुलपेनच्या (राखीव पिचरच्या सरावाच्या जागेच्या) बुटक्या कठड्यावरून हात ताणला, चेंडू त्याच्या ग्लोव्हच्या थोडाच पलीकडून गेला आणि तो स्वतः उलटापालटा होऊन कठड्याच्या आत पडला. ५-५. नवव्या डावात जॅरॉड सॉल्टालामाकियाच्या हिटवर बोस्टनने सामना जिंकला. हंटरचा हात वीतभर पुढे पोहोचला असता, तर बोस्टन बहुधा ०-२ असे मागे पडून व्हरलँडरला सामोरे गेले असते.

मात्र त्या ग्रँड स्लॅमच्या (तिन्ही बेसवर रनर असताना मारलेल्या होमरनच्या) आधी काय झाले, तेही पाहावे. हे फलंदाज खूप चेंडू सोडत, पिचरला दमवत; नॅपोली तर एका पाळीत सर्वाधिक चेंडू पाहणाऱ्यांपैकी एक होता. शर्झर सात डावांनंतर बाहेर गेला तो १०८ चेंडू टाकून, आणि बोस्टनने जे मिळवले ते त्याच्या मागून आलेल्यांकडून मिळवले. सहाव्या सामन्यात व्हिक्टोरिनोने ग्रँड स्लॅम मारून मालिका संपवली, तेव्हाही शर्झर नुकताच बाहेर गेला होता. म्हणून मी त्याला नुसते दैव म्हणणार नाही. संधी वारंवार तयार करायची सवय संघाला वर्षभराची होती. त्यांतली एखादी वीतभराच्या अंतराने साधली.

वर्ल्ड सिरीजमध्ये दैव दोन्ही बाजूंनी फिरले. तिसऱ्या सामन्यात सेंट लुईसमध्ये नवव्या डावात सॉल्टालामाकियाने तिसऱ्या बेसकडे फेकलेला चेंडू विल मिडलब्रुक्सच्या हाती लागला नाही. चेंडूसाठी झेपावून तो पालथा पडलेला असताना अ‍ॅलन क्रेग त्याच्या पायांना अडखळला, उठून धावला आणि होम प्लेटवर बाद होतो न होतो तोच पंचांनी अडथळ्याचा नियम लावून धाव दिली. वर्ल्ड सिरीजचा सामना अशा निर्णयावर यापूर्वी कधीच संपला नव्हता. निर्णय नियमाला धरून होता, कारण अडथळा हेतुपुरस्सर असावा अशी अट त्या नियमात नाही. पण आघाडी २-१ अशी कार्डिनल्सकडे गेली, आणि २०११ किंवा २०१२ चा बोस्टन संघ त्यानंतर कोसळला असता, अशी माझी खात्री आहे.

चौथ्या सामन्यात १-१ अशी बरोबरी असताना ऑर्टिझने सर्वांना डगआऊटमध्ये गोळा करून चार शब्द सुनावले. त्यानंतरच्या डावात गोम्सने तीन धावांचा होमरन मारला. गोम्स त्या दिवशी खेळणारही नव्हता. व्हिक्टोरिनोची पाठ धरली म्हणून त्याला ऐन वेळी घेतले होते. रेवा यांनी सांगितलेली मागची फळी ती हीच. आणि त्या सामन्याचा शेवट उएहाराने कोल्टन वाँगला पहिल्या बेसवर बेसावध पकडून केला, तेव्हा समोर कार्लोस बेल्ट्रान फलंदाजीला उभा होता.

एका माणसाचे योगदान मात्र कोणत्याही नियोजनात बसत नाही. ऑर्टिझने त्या मालिकेत १६ पैकी ११ वेळा हिट मारली, सरासरी .६८८. बाकीच्या संघाची मिळून सरासरी .२०० च्याही खाली होती. सहाव्या सामन्यात तर कार्डिनल्सने त्याला चार वॉक दिले, त्यांतले तीन मुद्दाम, आणि व्हिक्टोरिनोने तिन्ही बेस रिकामे करणारा डबल (दुसऱ्या बेसपर्यंत पोहोचवणारा फटका) मारून त्याची किंमत वसूल केली. १९१८ नंतर प्रथमच बोस्टनने विजेतेपद स्वतःच्या मैदानावर साजरे केले.


रेवा:

तिसरा बेस यांच्या म्हणण्याला माझे अनुमोदन आहे. उत्तरायण यांच्या दैवाविषयीच्या प्रश्नाला २०१४ च्या हंगामाचीही जोड द्यावी, असे वाटते. त्या वर्षी बोस्टनने ७१ सामने जिंकले आणि ते पुन्हा विभागात शेवटचे आले. एल्सबरी यांकीजकडे गेला होता, सॉल्टालामाकिया मायामीला. व्हिक्टोरिनो दुखापतींमुळे फक्त ३० सामने खेळला. आदल्या वर्षी ज्या लहान करारांनी संघ उभा केला, ते संपले, आणि त्या जागा भरण्यासाठी पुढे केलेले तरुण खेळाडू अजून तयार नव्हते. तिशी ओलांडलेल्या आठ-दहा खेळाडूंनी एकाच वर्षी आपापल्या परीने उत्तम खेळावे, हे दर वर्षी घडून येत नाही. चेरिंग्टन यांचा बेत चुकीचा होता असा याचा अर्थ मी लावत नाही. तो एका-दोन वर्षांसाठीच आखलेला होता आणि पहिल्याच वर्षी सफल झाला. ३१ जुलै २०१४ रोजी लेस्टरला ओकलंडकडे आणि लॅकीला कार्डिनल्सकडे देण्यात आले, तेव्हा वर्ल्ड सिरीजच्या अखेरच्या दोन सामन्यांत विजय मिळवून देणारे दोन्ही पिचर नऊ महिन्यांत संघाबाहेर गेलेले होते.